हातचा एक

गुरुवारी रात्री टोलिडोतल्या त्या हॉटेलच्या कोपऱ्यात
मी एकटाच असतो.
ड्रमवाला नाही, बेसवाला नाही,
माझी चूक पोटात घालणारं कुणी नाही.
ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके
आणि बोटं तर माझी गुंतलेली,
म्हणून मोजत नाही.
पैसे तेवढे मोजून घेतो, वर एक वाटी सूप.

इलोना साबो तिथलीच.
काचेच्या कारखान्यातली पाळी संपवून आली होती,
बारपाशी उभी, कोट न काढता.
मध्यंतरात जवळ येऊन म्हणाली, बेस कोण वाजवतंय?
मी अंगठा वर केला.
आणि ते वरचं, गाणारं?
मी करंगळीशेजारचं बोट दाखवलं.
मग मिस्टर क्रेनशॉ, तुम्ही काय करता?

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी सूप प्यायलो.

शिकवणी मंगळवारी, चांभाराच्या दुकानावरच्या खोलीत.
खाली अर्पाद टाचा ठोकतो.
त्याचा ठोका केसभर मागे पडतो, रोज, तेवढाच.
तो धर, मी सांगतो. घड्याळ राहू दे.
घड्याळाला कुठे घरी जायचं असतं?

पहिले सहा महिने ती सगळंच वाजवायची,
सहाच्या सहा तारा, गच्च,
पाहुण्याला ताटाचा तळ दिसू नये असं वाढणं.
तिच्या बोटांना चिकटपट्ट्या. काच, ती म्हणायची,
आणि पुन्हा सहाही.
मी म्हणालो, बेरीज शिकलीस ना शाळेत?
सात आणि आठ. पाच लिहायचे,
एक हातचा.
तो उत्तराच्या ओळीत दिसत नाही
आणि तो विसरलीस तर उत्तर चुकतं.
खालचा स्वर एकदा दे, मग हातचा ठेव.
ऐकणारा तो धरून बसतो, आपणहून.
लाव त्याला कामाला.

यापुढचं मला शिकवता येत नाही.
कसं सुचतं, ती विचारते, वही उघडून.
मी म्हणतो, एक पायरी चूक
आणि चुकल्यासारखं तोंड करू नकोस.
तिने लिहून घेतलं: तोंड.

मार्चमध्ये, नदीवर अजून बर्फ होतं,
ती आली आणि वही न काढता वाजवायला बसली.
ओळखीचं वाटलं. चांगलंही वाटलं.
सूर उतरत उतरत खाली आला,
एक स्वर उमटता उमटता राहिला,
नुसती ठप्प तार, श्वासाएवढी,
आणि मग पुन्हा तोच, पुन्हा अर्धा,
मग मोकळा.
तुमचंच आहे, ती म्हणाली. त्या वादळाच्या गुरुवारचं.
फोनवर धरून ठेवलं होतं.
तीन आठवडे लागले, तो अर्धा स्वर येईना.

नोव्हेंबरपासून माझं डाव्या हाताचं एक बोट
मधूनच बधिर होतं.
कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरलाही, खरं तर.
त्या रात्री ते तारेवर टेकलं, दाबलं गेलं नाही.
दुसऱ्यांदा मी मुद्दाम तसंच केलं,
पहिलंही मुद्दाम वाटावं म्हणून.
आणि ही पोरगी, धडधाकट हाताची,
काच उचलून आल्यावर रात्री रात्री बसून
माझं बधिरपण घोटत होती.

खाली अर्पादचा हातोडा थांबला होता. खिळे शोधत असावा.
बरोबर आहे का? तिने विचारलं.
मी म्हणालो, पुन्हा.
मग म्हणालो, हळू.
मग माझी गिटार उचलली,
खुर्ची तिच्यासमोर ओढली
आणि विचारलं, कितव्या पट्टीवर?
तिने दाखवलं. किती कमी दाबायचं तेही.

गुरुवारी वाजवायला घेतलं.
बोट नेमकं शाबूत होतं त्या दिवशी,
स्वर आला तो पुरा, ठणठणीत, निर्लज्ज.
दुसऱ्यांदाही.
मी वर पाहिलं.
बारपाशी, कोट न काढता,
कुणीतरी मान हलवत होतं:
अंहं.